नोंद आणि अन्वय : चित्रकथांच्या सूचीतील परस्परसंदर्भांविषयी

एका संहितेचा दुसऱ्या संहितेशी असणारा संबंध हा गेल्या सहा दशकांतील साहित्यविचाराचा एक मध्यवर्ती विषय राहिला आहे. ज्यूलिया क्रिस्तेवा यांनी ‘आंतरसंहितात्मता’ ही संज्ञा मांडली तेव्हा त्यांना अभिप्रेत होता तो कोणत्याही संहितेच्या घडणीतच मुरलेला, म्हणून मोजदादीला न येणारा संबंध. झेरार जनेत यांनी ‘पालँप्सेस्त’ (१९८२) या ग्रंथात या क्षेत्राचे पाच विभाग पाडले आणि आपले लक्ष मुख्यतः एका विशिष्ट पूर्वसंहितेपासून निष्पन्न होणाऱ्या उत्तरसंहितेवर केंद्रित केले. एकाने संबंध अमर्याद मानला, दुसऱ्याने त्याचे वर्गीकरण केले. परंतु तो प्रत्यक्षात नोंदवायचा कसा, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला. साहित्यशास्त्राने तो सूचिकारावर सोपवला आणि सूचिकाराने तो तांत्रिक प्रश्न म्हणून सोडवला. हा प्रश्न तांत्रिक नाही, हे एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

उदाहरण डिस्ने-पात्रांच्या चित्रकथांचे आहे. ते निवडण्याचे कारण असे की, इतक्या तपशिलाने सूचिबद्ध झालेले कथावाङ्मय विरळाच सापडते. १९९० नंतरच्या दशकात युरोपातील वाचक-अभ्यासकांनी स्वयंसेवेने उभारलेला ‘इंडक्स’ हा डेटाबेस अनेक देशांतील या कथांची नोंद करतो. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. त्यात कथा, कथेचा विशिष्ट पाठ आणि त्या पाठाचे विशिष्ट अंकातील मुद्रण हे तीन स्तर वेगळे ठेवलेले आहेत. ग्रंथालयशास्त्राने कृती, अभिव्यक्ती, आविष्करण आणि प्रत हा भेद १९९८ मध्ये अधिकृतपणे मांडला. हौशी म्हणवल्या जाणाऱ्या या सूचिकारांना तशाच भेदाची गरज आपल्या साहित्याच्या स्वरूपामुळेच जाणवली होती. एकच कथा डेन्मार्कमध्ये आधी, अमेरिकेत दोन वर्षांनी आणि इटलीत वेगळ्या पानरचनेत छापली जात असेल, तर ‘कथा’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरवावेच लागते.

मात्र दोन कथांमधील संदर्भाची नोंद करताना हा भेद बाजूला पडतो. संदर्भाची नोंद म्हणजे एक ओळ : कोणत्या कथेकडून, कोणत्या कथेकडे, कोणत्या कारणाने. पहिल्या दोन रकान्यांत कथांचे संकेतांक येतात, तिसऱ्यात ठरावीक कारणांपैकी एक. माझे म्हणणे असे की, वर्णनासारखी दिसणारी ही ओळ वस्तुतः अर्थनिर्णय असते. तो निर्णय कोणी केला, कोणत्या चौकटीच्या आधारे केला आणि कथेचा कोणता पाठ समोर ठेवून केला, हे ओळीत दिसत नाही. म्हणून तो तथ्य म्हणून वाचला जातो. अशा हजारो ओळी यंत्राने मोजून ‘प्रभावाचे जाळे’ रेखाटणे आज पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही सहज शक्य झाले आहे. त्यामुळे या ओळींची चिकित्सा आता टाळता येण्यासारखी नाही.

कार्ल बार्क्स (१९०१-२०००) यांनी डोनाल्ड डकचा धनाढ्य, कंजूष मामा स्क्रूज निर्माण केला तो १९४७ मधील एका नाताळकथेसाठी. तो पुन्हा येईल अशी त्यावेळी काही योजना नव्हती. पुढील दोन दशकांत बार्क्स यांनी या पात्राच्या पूर्वायुष्याविषयी अनेक कथांत ओझरती विधाने केली. कुठे एखादी ओळ, कुठे एखादी आठवणीची चौकट. ही विधाने एकमेकांशी जुळावीत अशी त्यांची अपेक्षा नव्हती, आणि ती जुळतही नाहीत. डॉन रोसा (जन्म १९५१) यांनी १९९२ ते १९९४ या काळात बारा प्रकरणांचे ‘लाइफ अँड टाइम्स ऑफ स्क्रूज मॅकडक’ लिहिले व चितारले, ते याच विखुरलेल्या विधानांतून. ते प्रथम डेन्मार्कमध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९५ मध्ये त्याला आयस्नर पुरस्कार मिळाला. चित्रकार होण्यापूर्वी रोसा हौशी नियतकालिकात चित्रकथांविषयीच्या वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदर चालवत असत, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ते आधी सूचिकार होते. त्यांची दीर्घकथा ही एका परीने परस्परसंदर्भांची सूचीच आहे. फक्त ती कथारूपात मांडलेली आहे.

या कृतीने मूळ कथांचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. उम्बेर्तो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवरील आपल्या निबंधात असे प्रतिपादन केले होते की, अशा मालिकाकथांतील काळ स्वप्नवत असतो. मागच्या कथेत काय झाले आणि पुढच्या कथेत काय होणार यांतील नाते मुद्दाम धूसर ठेवलेले असते, कारण नायक झिजला तर मालिका संपेल. बार्क्स यांच्या कथा बव्हंशी याच काळात वावरतात. रोसा यांनी त्यांना दिनदर्शिका दिली. स्क्रूजचा जन्म १८६७ मध्ये ग्लासगोला, पहिली कमाई १८७७ मध्ये, क्लोन्डाइकची सोन्याची शोधयात्रा १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, आणि अखेरचे प्रकरण थेट १९४७ च्या त्या नाताळात. ज्याला वय नव्हते त्याला वय मिळाले. रोसा यांच्या कथेतून बार्क्स यांच्या कथेकडे जाणारी प्रत्येक ओळ नोंदवताना सूचिकार ‘येथे संदर्भ आहे’ एवढेच म्हणतो. परंतु जिकडे निर्देश केला ती कथा त्या निर्देशामुळे बदलली, हे म्हणण्यासाठी त्याच्यापाशी रकाना नाही.

‘वूडू हूडू’ (१९४९) या कथेचे उदाहरण घेऊ. स्क्रूजने पूर्वी आफ्रिकेतील एका जमातीची जमीन गुंडांकरवी बळकावली, म्हणून तेथील मांत्रिकाने बॉम्बी नावाचे प्रेत त्याच्या मागावर पाठवले, आणि ते चुकून डोनाल्डपाशी पोहोचले, असे तिचे सूत्र आहे. जमीन बळकावण्याची हकिगत बार्क्स यांच्या कथेत विनोदाचे निमित्त म्हणून येते. तिच्यातील काळ्या माणसांचे चित्रण वंशवादी आहे, आणि पुढे काही पुनर्मुद्रणांत ते सौम्य करण्यात आले. डॉर्फमन आणि मॅतलार यांनी १९७१ मध्ये चिलीतून डोनाल्ड डकवर जी वसाहतवादविरोधी टीका केली, तिला अशा कथांनीच आधार पुरवला. रोसा यांच्या अकराव्या प्रकरणात हीच हकिगत संपूर्ण चरित्राचे नैतिक वळण होते. गाव जाळण्याचा प्रसंग हा स्क्रूजच्या आयुष्यातील खरा अधःपात ठरतो. त्याच्या बहिणी त्याच्यापासून दुरावतात. आणि प्रेताला डोनाल्डचाच चेहरा का आठवावा यालाही स्क्रूजच्या वेषांतराचे स्पष्टीकरण मिळते. विनोदातील एक ओळ येथे अपराध म्हणून वाचली गेली. ही बार्क्स यांच्यावरील टीका मानावी, की त्यांच्या कथेला वाचवण्याची धडपड मानावी, याविषयी मतभेद संभवतो. मला ती दोन्ही वाटते, आणि दुसरे पहिल्यापेक्षा अधिक वाटते, कारण अपराधाचे वजन रोसा यांनी पीडितांच्या बाजूने मोजलेले नाही. ते स्क्रूजच्या एकाकीपणात मोजले आहे. सूचीच्या ओळीत यांतील काहीच उतरत नाही. तिथे बाण उत्तरसंहितेकडून पूर्वसंहितेकडे जातो. अर्थ मात्र उलट दिशेने वाहतो. प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो, असे बोर्हेस यांनी काफ्काच्या संदर्भात १९५१ मध्ये म्हटले होते. सूचीला हे विधान परवडत नाही, कारण तिच्या ओळीला एकच दिशा असते.

दिशेचा प्रश्न निदान वाचकाच्या लक्षात येतो. पाठाचा प्रश्न अधिक दडलेला आहे, आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. ‘बॅक टू द क्लोन्डाइक’ (१९५३) ही बार्क्स यांची एक श्रेष्ठ कथा. विस्मरणाने ग्रासलेला वृद्ध स्क्रूज पुरून ठेवलेल्या सोन्याच्या शोधात पुन्हा उत्तरेला जातो आणि तिथे त्याला गोल्डी भेटते. ती एकेकाळची डॉसनमधील नाचघराची तारका. आता दरिद्री झालेली. हिशेब चुकता करायला गेलेला स्क्रूज खोदकामाची पैज लावतो आणि आपण हरलो असे भासवून सोने तिला मिळू देतो. कंजूष पात्राच्या कथेत औदार्य असे चोरून, जवळजवळ लाजत येते. १९५३ च्या मुद्रित अंकात या कथेची काही पाने नव्हती. पूर्वायुष्याची आठवण सांगणारा भाग, म्हणजे नाचघरातील मारामारी आणि स्क्रूजने गोल्डीला बळाने आपल्या खाणीवर नेऊन कामाला लावणे, संपादकांनी मुलांसाठी अयोग्य म्हणून गाळला होता. तो वाचकांसमोर ग्रंथरूपात आला १९८१ मध्ये.

आता रोसा यांची ‘द प्रिझनर ऑफ व्हाइट अ‍ॅगनी क्रीक’ (२००६) ही कथा पाहावी. तिचा सारा विषय म्हणजे गोल्डीला खाणीवर नेल्यानंतरचा काळ. म्हणजेच ही कथा ज्या प्रसंगातून उगवली, तो प्रसंग १९५३ च्या अंकात छापलाच गेला नव्हता. सूचिकाराने ‘२००६ ची कथा १९५३ च्या कथेचा संदर्भ देते’ अशी ओळ लिहिली तर ती कथेच्या पातळीवर बरोबर आहे आणि पाठाच्या पातळीवर चूक आहे. संदर्भ आहे तो १९८१ मध्ये प्रकट झालेल्या पाठाचा. १९५३ चा वाचक आणि १९८१ नंतरचा वाचक यांना गोल्डी आणि स्क्रूज यांच्यात काय घडले याविषयी दोन वेगळ्या कथा ठाऊक आहेत. पहिल्याच्या दृष्टीने पैज हरण्याचे नाटक हे केवळ कोमलतेचे लक्षण आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने त्यात एका जुन्या जबरदस्तीची परतफेडही मिसळलेली आहे. अमेरिकेतील दोन पिढ्यांच्या वाचनातील हा फरक सूचीच्या एका ओळीत नाहीसा होतो. खेदाची गोष्ट अशी की, सूचीपाशी पाठाचा स्तर आधीपासून आहे. साधन हाताशी असून ते नेमके या ठिकाणी वापरात येत नाही.

पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या भाषेत हा मुद्दा फार समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाच्या खाली हस्तलिखितांतील पाठभेद दिलेले आहेत. एखाद्या उत्तरकालीन काव्यातील प्रसंग महाभारतावर आधारलेला आहे असे म्हणताना तो स्वीकृत पाठावर आधारलेला आहे, की तळटीपेत गेलेल्या प्रक्षिप्त श्लोकांवर, हे त्यामुळे विचारता येते. कित्येकदा उत्तर दुसरेच निघते. परंपरेने जे वाचले तेच परंपरेला घडवते. मूळ काय होते याने तिचे फारसे अडत नाही. चित्रकथेची तुलना महाभारताशी केल्याने कोणी दुखावण्याचे कारण नाही. येथे पद्धतीची तुलना आहे, महत्तेची नाही.

तिसऱ्या रकान्यातील कारणांविषयी थोडक्यात सांगता येईल. उत्तरकथा, पुनर्लेखन, उल्लेख अशी कारणे उघड निर्देशासाठी घडलेली आहेत. त्यामुळे जी परंपरा उघड निर्देश करते ती सूचीत भरगच्च दिसते आणि जी करत नाही ती विरळ दिसते. १९६० मध्ये रोमानो स्कार्पा यांनी स्क्रूजवर एकतर्फी प्रेम करणारी ब्रिजिता ही व्यक्तिरेखा इटालियन चित्रकथेत आणली. पुढे ती तिथल्या कथांत कायमची रुळली, पण त्या कथांना १९६० च्या कथेकडे बोट दाखवण्याची गरज भासत नाही. ब्रिजिता हा तिथे संदर्भ राहिलेला नाही. ती भाषेचा भाग झाली आहे. क्रिस्तेवा यांना अभिप्रेत असलेला संबंध हाच, आणि तो ओळीत येत नाही. याउलट ‘पापेरिनिक’ या १९६९ मधील निर्मितीत फांतोमियुस या जुन्या चोराची रोजनिशी केवळ डोनाल्डच्या रूपांतराचे निमित्त म्हणून येते. मार्को जेर्वासियो यांनी २०१२ पासून त्याच फांतोमियुसच्या पराक्रमांची स्वतंत्र मालिका लिहिली आणि १९६९ ची कथा एकदम संदर्भांनी वेढली गेली. रोसा यांनी तर बार्क्स यांच्याखेरीज इतरांच्या कथा प्रमाण न मानण्याचे धोरणच ठेवले होते. अशा नोंदींवरून जाळे रेखाटल्यास त्याच्या मध्यभागी बार्क्स येतील यात नवल नाही. परंतु त्यावरून बार्क्स यांचा प्रभाव सर्वाधिक होता असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका लेखकाच्या टिपणवहीला वाङ्मयेतिहास समजणे होय. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल; पण तो या पुराव्याने सिद्ध होत नाही.

आणखी एक गमतीचा प्रकार आहे. रोसा आपल्या बहुतेक कथांच्या आरंभीच्या चित्रात ‘डी.यू.सी.के.’ ही अक्षरे लपवतात. बार्क्स यांना केलेल्या अर्पणवाक्याची ती आद्याक्षरे आहेत. वाचक ती शोधण्यात रमतात. हा संदर्भ खराच, पण कोणत्या कथेचा? तो एका माणसाकडे जातो, कथेकडे नाही. जनेत यांच्या परिभाषेत ही अर्पणपत्रिका उपसंहितेत मोडते, परंतु ती संहितेच्या आत, गवताच्या पात्यांत दडवलेली आहे. पहिल्या रकान्यात संकेतांक भरता येईल. दुसरा रिकामाच राहील.

यावर सूचिकाराचा आक्षेप असा असू शकतो : आम्ही समीक्षक नाही, कोण कोणाचा उल्लेख करते एवढेच आम्ही सांगतो, अर्थ तुम्ही लावा. हा आक्षेप आदराने घ्यायला हवा. या मंडळींनी विनामूल्य जे उभे केले ते कोणत्याही विद्यापीठाने केले नव्हते, आणि कारणांची यादी आखूड ठेवली म्हणूनच अनेक देशांतील अनेक हातांनी केलेल्या नोंदी एकमेकींशी जुळू शकल्या. तथापि उल्लेख ओळखणे हेच वाचन आहे. दोन कथांत एकच पर्वत दिसतो म्हणून पहिलीचा दुसरीत उल्लेख आहे असे ठरवणारा माणूस अर्थ लावूनच मोकळा झालेला असतो. केवळ पुनर्मुद्रण नोंदवणारी सूची अधिक सुरक्षित भूमीवर असते असे वरवर वाटेल. परंतु सौम्य केलेल्या ‘वूडू हूडू’चे पुनर्मुद्रण हे त्याच कथेचे पुनर्मुद्रण, की तिच्यावरचे भाष्य? संपादकाने चेहरा बदलला तेव्हा त्याने मूळ चित्राविषयी मत दिलेच.

माझी अपेक्षा माफक आहे. संदर्भाची ओळ कथेऐवजी पाठाला जोडावी. ज्या चौकटीवरून संदर्भ ओळखला त्या पानाचा व चौकटीचा क्रमांक दोन्ही बाजूंना द्यावा. निर्देश कथेत शब्दांत आहे, चित्रात आहे, लेखकाने अन्यत्र सांगितला आहे, की नोंदवणाऱ्याचे ते अनुमान आहे, हेही लिहावे. अनुमान असेल तर ते कोणाचे, तेही. यामुळे सूची जड होईल हे खरे, आणि पूर्वी केलेल्या अनेक ओळी या कसोटीवर अपुऱ्या ठरतील. पण ज्या ओळीच्या मागे चौकट दाखवता येत नाही, ती ओळ मोजणीत धरायची की नाही, हे निदान मोजणाऱ्याला ठरवता येईल. आज ते त्याला ठरवता येत नाही.

हा प्रश्न केवळ डिस्ने-कथांपुरता नाही. मराठी वाचकाला तो वेगळ्या वाटेने परिचित आहे. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून ली फॉक यांचा फँटम मराठीत ‘वेताळ’ होऊन आला. या मालिकेची मौज अशी की, परस्परसंदर्भांची व्यवस्था कथेच्या आतच आहे. कवटीच्या गुहेत आधीच्या वीस वेताळांनी लिहिलेल्या इतिवृत्तांचे खंड रचून ठेवलेले असतात. आजचा एकविसावा वेताळ एखादा खंड उघडतो आणि पूर्वजाची कथा सुरू होते. हा संदर्भ ज्या ग्रंथाकडे निर्देश करतो तो ग्रंथ कथेबाहेर अस्तित्वातच नसतो, आणि तरीही वाचणारा मुलगा त्यावर विश्वास ठेवून मागचे अंक धुंडाळतो. मूळ कथा वृत्तपत्रांतील पट्ट्यांच्या स्वरूपात १९३६ पासून प्रसिद्ध होत आल्या आहेत. इंद्रजालच्या ठरावीक पानांत बसवताना त्यांच्या चौकटी कापल्या गेल्या, काही गाळल्या गेल्या. बंगालशी नामसाम्य टाळण्यासाठी वेताळाचा देश ‘डेंकाली’ झाला. मूळ कथेत एका कथेतून दुसरीकडे नेणारा धागा एखाद्या चौकटीतील निवेदनात किंवा एखाद्या स्थलनामात असेल, आणि तीच चौकट कापली गेली असेल किंवा तेच नाव बदलले असेल, तर इंद्रजालच्या वाचकासाठी तो संदर्भ उरत नाही. उलट दोन असंबद्ध कथा एकाच बदललेल्या नावाने जोडल्या जाऊन जो संबंध मुळात नव्हता तो इंद्रजालच्या पाठात निर्माण होऊ शकतो. अशा अंकाची नोंद करताना मूळ पट्टीकथेचा संकेत देऊन तिचे सर्व संदर्भ त्याला आपोआप चिकटवणे सोयीचे आहे, आणि चुकीचे आहे. मराठी अंकात कोणती चौकट शिल्लक राहिली, कोणत्या नावाने राहिली, हे तो अंक आणि मूळ पट्टी शेजारी शेजारी ठेवूनच पाहावे लागते.